अर्धा प्रश्न
इंग्लंडातील बंदुकीच्या दारूच्या कटावरून काही विचार



मनुष्य पाप करण्यापूर्वी पुष्कळदा शास्त्र विचारतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. चोर चोरीस निघताना कोणास विचारीत नाही हे खरे, परंतु आपण धर्माकरिता किंवा न्यायाकरिता झटत आहो असे ज्यास वाटते, तो हात उचलण्यापूर्वी कोणातरी जाणत्यास गाठून, "अमुक करणे पाप आहे काय?" असे विचारतो. उत्तर मनाजोगते मिळाले म्हणजे त्याचे मन स्वस्थ होते. असे विचारणारे आमच्या मंडळ्यांत आहेत, आणि उत्तर देण्याचा प्रसंग पाळकांवर व उपदेशकांवर वारंवार येतो. ह्या प्रश्नात कधी कधी एक दगा असतो. तो कोणता हे इंग्लंडच्या इतिहासातील एका फसलेल्या कटावरून जसे स्पष्ट दिसते, तसे दुसऱ्या कशावरून क्वचितच दिसेल. म्हणून आज ती हकिगत वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा कट इ. स. १६०५ साली पहिला जेम्स राजा याच्याविरुद्ध झाला. पार्लमेंटच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपे भरून राजास व राज्याच्या सर्व प्रमुखांस एकदम उडवून द्यावे, असा तो बेत होता. कट करणारे रोमन कॅथोलिक होते; ज्यांच्याविरुद्ध तो होता ते बहुतेक प्रॉटेस्टंट होते. त्यामुळे आमच्या पंथाच्या लोकांनी ही कथा पुष्कळ वर्षे एकाच रीतीने सांगितली: ते दुष्ट, आम्ही निर्दोष, आणि देवाने आम्हांस वाचविले. देवाने वाचविले हे आम्हीही मानतो. परंतु बाकीची कथा इतकी सोपी नाही. आणि जी कथा केवळ शेजाऱ्याचे पाप दाखविते, तिच्यापासून आपल्या आत्म्यास फारसा लाभ होत नाही.

त्या काळी राजाचा जो धर्म तोच प्रजेचा असावा, असा समज होता. मेरी राणीच्या अमदानीत सुमारे २८० प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले. १५५८ साली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि पारडे फिरले. जो प्रॉटेस्टंट उपासनेस येणार नाही त्यास दर रविवारी एक शिलिंग दंड ठरला. १५८१ च्या कायद्याने तो दरमहा वीस पौंडांपर्यंत चढला. एवढ्या दंडाखाली चांगली श्रीमंत घराणीही वाकून जात. १५८५ च्या कायद्याने, परदेशी दीक्षा घेतलेल्या रोमन पाळकाने इंग्लंडात राहणे हाच राजद्रोह ठरला, आणि त्यास आश्रय देणारा फाशीस पात्र झाला. लोक भिंतींत चोरखोल्या करून पाळकांस लपवीत व रात्री दारे लावून उपासना करीत. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांस विहिरीवर पाणी भरू दिले गेले नाही, किंवा ज्यांस भावकीने घराबाहेर काढले, असे लोक आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ह्या कथेतील छळ सोसणारे ते आहेत, आणि छळ करणारे आपल्याच पंथाचे राज्य आहे.

१६०३ साली राणी वारली व स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला. टॉमस पर्सी नावाचा एक गृहस्थ पूर्वी त्याच्याकडे निरोप घेऊन गेला होता, आणि राजा कॅथोलिकांस सवलत देणार असे वचन आपण आणिले आहे, असे तो सांगत असे. प्रारंभी दंडाची वसुली मंदावलीही. परंतु १६०४ च्या फेब्रुवारीत रोमन पाळकांनी देश सोडावा असा हुकूम निघाला आणि दंड पुन्हा सुरू झाले. ज्यास कधी आशा नव्हती तो सोशीत राहतो. पण ज्यास आशा दाखवून ती हिरावून घेतली, त्याचे मन कडू होते. तसे ह्या लोकांचे झाले.

त्यांचा पुढारी रॉबर्ट केट्सबी हा होता. गाय फॉक्स याचे नाव पुढे गाजले. परंतु कटाचा खरा कर्ता केट्सबीच. तो उमदा, धाडसी व मित्रांस अत्यंत प्रिय असा तरुण गृहस्थ होता. बापाने पाळकास आश्रय दिला म्हणून बापास तुरुंगवास घडला होता. स्वतः केट्सबीनेही १६०१ सालच्या एका बंडात सामील झाल्याबद्दल जबर दंड भरला होता. २० मे १६०४ रोजी लंडनमधील एका खाणावळीत त्याने चार सोबत्यांस जमविले: टॉमस विंटर, जॉन राइट, वर सांगितलेला पर्सी, आणि स्पेनच्या फौजेत नेदरलंडात लढलेला गाय फॉक्स. पाचांनी प्रार्थनेच्या पुस्तकावर हात ठेवून गुप्ततेची शपथ वाहिली, आणि लगेच दुसऱ्या खोलीत जाऊन प्रभुभोजनाचा विधी घेतला. तो विधी चालविणाऱ्या पाळकास शपथेची वार्ता नव्हती, असे त्यांच्यापैकीच काहींनी पुढे सांगितले. ही लहानशी गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. त्यांस पाळकाचा आशीर्वाद पाहिजे होता. पाळकाचे डोळे नको होते.

हळूहळू कटवाल्यांची संख्या तेरा झाली. त्यांत टॉमस बेट्स नावाचा केट्सबीचा चाकर होता. धन्याच्या हालचालींवरून त्यास संशय आला असे दिसताच त्याच्याकडूनही शपथ घेवविण्यात आली. आणि ज्या कामाचा आरंभ त्याने केला नव्हता, त्याकरिता पुढे तोही फाशी गेला. मोठ्यांच्या मसलतीत गरीब चाकराचा शेवट बहुधा असाच होतो.

१६०५ च्या मार्च महिन्यात पर्सीने सरदारांच्या सभागृहाखालचे एक तळघर भाड्याने घेतले. तेथे दारूची ३६ पिंपे नेऊन ती जळाऊ लाकडांखाली झाकून ठेविली. लंडनात मरीची साथ असल्यामुळे पार्लमेंटची बैठक पुढे ढकलली जात होती. शेवटी ५ नोव्हेंबर हा दिवस ठरला. त्या दिवशी राजा, सरदार, बिशप, न्यायाधीश आणि प्रजेचे प्रतिनिधी एके ठिकाणी जमणार होते. फॉक्सने बत्ती द्यावी. इकडे केट्सबीने मध्य इंग्लंडात शिकारीच्या निमित्ताने माणसे जमवून राजाच्या नऊ वर्षांच्या मुलीस, एलिझाबेथ हिला, ताब्यात घ्यावे व तिला गादीवर बसवावे, असा बेत होता.

परंतु त्या सभागृहात कॅथोलिक सरदारही बसणार होते. कटवाल्यांपैकी रॉबर्ट कीज यास लॉर्ड मॉर्डंटची काळजी वाटली. फॉक्सने पूर्वी माँटेग्यू घराण्याची चाकरी केली होती, त्यास त्या घरच्या सरदाराची वाटली. हे आपल्याच धर्माचे, आपल्याच ताटात जेवलेले लोक! त्यांचे काय? केट्सबीचे उत्तर असे की, त्यांस दूर ठेवण्याची काही युक्ती काढता आली तर काढू, पण बेत फुटण्यापेक्षा दोषींबरोबर निर्दोषी मेले तरी चालतील.

तरीपण हे उत्तर केट्सबीच्या स्वतःच्या मनासही पुरेसे वाटले नसावे. कारण १६०५ च्या जून महिन्यात तो हेन्री गार्नेट याजकडे गेला. गार्नेट हा इंग्लंडातील येशूसंघी पाळकांचा मुख्य असून विद्वान व सौम्य मनुष्य होता. केट्सबी फ्लँडर्स देशी लढाईवर जाण्याकरिता पलटण उभारीत आहे, असा त्या वेळी बोलवा होता. त्याने गार्नेटास विचारिले की, युद्धात एखाद्या ठिकाणावर मारा करिताना दोषींबरोबर काही निर्दोषी मारले गेले, तर ते कृत्य न्याय्य ठरते काय? गार्नेटास वाटले, शिपाई होणारा मनुष्य शिपायाचा प्रश्न विचारीत आहे. त्याने ग्रंथांत जे उत्तर असते तेच दिले: युद्ध न्याय्य असेल, आणि निर्दोष्यांस मारणे हा हेतू नसेल, तर असे घडणे क्षम्य होऊ शकते. केट्सबी उत्तर घेऊन गेला. आणि थोर पाळकाने परवानगी दिली आहे असे आपल्या सोबत्यांच्या मनावर बिंबवावयास ते त्यास उपयोगी पडले.

वाचकहो, ह्या प्रश्नात काय होते आणि काय नव्हते, ते पाहा. "निर्दोषी" हा शब्द होता. मॉर्डंट हे नाव नव्हते. "ठिकाण" होते, वेस्टमिन्स्टरचे तळघर नव्हते. "युद्ध" होते; पण कोणी कोणाशी युद्ध पुकारले होते? राजा आपल्या आसनावर बसून भाषण करणार, कारकून कागद धरून उभे राहणार, शिपाई दाराशी टेकणार, ह्यांपैकी काहीच त्या प्रश्नात नव्हते. प्रश्नातून माणसे काढून टाकिली होती आणि राहिला होता तो केवळ एक हिशेब. हिशेबाचे उत्तर हिशेबानेच आले. ह्यास आम्ही अर्धा प्रश्न असे म्हणतो. जो अर्धा प्रश्न विचारतो त्यास उत्तर नको असते, परवाना पाहिजे असतो.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात उपासनेनंतर आम्ही मंडळीत बसलो असता एक तरुण पुढे आला. त्याच्या शेजारच्या वजनदार शेतकऱ्याने बांध कोरून त्याच्या वडिलांच्या शेतातील दोन तास गिळले होते, आणि दाद मागूनही काही झाले नव्हते. हे आम्हांस ठाऊक होते. तरुणाने नम्रपणे विचारिले, "पाळकसाहेब, शमशोनाने कोल्ह्यांच्या शेपट्यांस मशाली बांधून पलिष्ट्यांची शेते जाळली. ते पाप होते काय?" तरुण मुलगा शास्ते ह्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय वाचीत आहे, हे पाहून आम्हांस मोठा संतोष झाला. आम्ही शमशोनाचे पाचारण, तो काळ, जुन्या करारातील न्याय, ह्यांवर बराच वेळ बोललो. आम्हांस आमच्या विद्येचे भान होते. त्या मुलाच्या तोंडाकडे मात्र आम्ही नीट पाहिले नाही.

दाराशी मंडळीचे एक वृद्ध वडील बसले होते. त्यांस अक्षरओळख नव्हती. आमचे बोलणे संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "पोरा, गंज कोणाची, ते सांग की आधी."

मुलगा काही बोलेना. म्हातारे पुढे म्हणाले, "त्याच्या कडब्याच्या गंजीच्या आडोशाला बैल बांधलेले असतात. आणि उन्हाळ्याची त्याची नातवंडं तिथंच खळ्यात निजतात. धाकटीला तू ओळखतोस. तुझ्या बहिणीबरोबर शाळेत असते ती." मुलाने मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मग सर्व बोलणे बाहेर पडले: रात्र ठरली होती, आणि आणखी दोघे बरोबर येणार होते.

ती गंज जळली नाही. बांधाचा तंटा मात्र मोजणी होईपर्यंत चालला, आणि त्या कुटुंबाच्या मनासारखे सर्व झाले असे आम्ही म्हणू शकत नाही. न्याय ह्या जगात नेहमी मिळतोच असे नाही. परंतु त्या दिवशी जे आम्हांस सेमिनरीत शिकून साधले नाही, ते त्या वृद्धास साधले. आम्ही प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांनी प्रश्न पुरा केला.

आता पुन्हा इंग्लंडाकडे वळू. २६ ऑक्टोबर १६०५ च्या संध्याकाळी लॉर्ड माँटीगल नावाचा सरदार लंडननजीक आपल्या घरी भोजनास बसला असता त्यास एक निनावी पत्र पोहोचले. त्यात मजकूर असा होता की, लिहिणाऱ्यास त्याच्या स्नेह्यांविषयी ममता आहे, म्हणून त्याने काही निमित्त काढून पार्लमेंटास जाऊ नये. तेथे एक भयंकर तडाखा बसणार आहे. माँटीगलने ते आपल्या चाकराकडून मोठ्याने वाचविले, आणि मग राजाचा प्रधान रॉबर्ट सेसिल याजकडे नेऊन दिले. पत्र कोणी लिहिले हे आजपर्यंत सिद्ध झालेले नाही. कटात नुकताच घेतलेला फ्रान्सिस ट्रेशम हा माँटीगलचा मेहुणा होता. म्हणून सोबत्यांचा संशय त्याच्यावर गेला. त्याने शपथेवर नाकारले. कट फुटल्याची कुणकुण लागली असूनही केट्सबीने हट्ट सोडला नाही.

पत्र लिहिणारा कोणीही असो, त्याच्या मनात काय झाले ते आपण ओळखू शकतो. इतके महिने जो "निर्दोषी" हा नुसता शब्द होता, त्यास एके दिवशी एकाचे तोंड आले. ते तोंड दिसताच त्याच्याने राहवेना. परंतु त्याने एकच तोंड पाहिले! एकास वाचवावे असे ज्या कारणाने वाटले, तेच कारण बाकीच्या शेकडो मनुष्यांसही लागू नव्हते काय? त्यांसही बायका होत्या, लेकरे होती, घरी वाट पाहणारे होते. अब्राहामाने सदोमाविषयी देवाजवळ रदबदली केली (उत्पत्ती, अध्याय १८), तेव्हा त्याने आपल्या पुतण्याचे नाव पुढे केले नाही. पन्नासांपासून दहांपर्यंत जे कोणी नीतिमान असतील त्या सर्वांकरिता तो बोलला. केट्सबीने निर्दोष्यांचा विषय काढिला तो त्यांस मारण्याची सोय पाहण्याकरिता. अब्राहामाने काढिला तो दोषींसही त्यांच्यामुळे वाचविता येईल काय हे पाहण्याकरिता. प्रश्न दिसावयास जवळजवळ एकच. पण हृदये किती वेगळी!

पुढील हकिगत थोडक्यात सांगतो. ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास तळघराची झडती झाली. लाकडांच्या राशीजवळ गाय फॉक्स सापडला. त्याने आपले नाव जॉन जॉन्सन असे सांगितले. राजाच्या हुकुमाने त्याचा अतिशय छळ करण्यात आला. छळापूर्वीच्या व नंतरच्या त्याच्या सह्या आजही पाहावयास मिळतात, आणि दुसरी सही ही सही म्हणवत नाही. केट्सबी व इतर लोक पळत स्टॅफर्डशायर परगण्यातील होल्बीच नावाच्या घरात शिरले. वाटेत भिजलेली दारू ते विस्तवापुढे वाळवीत असता तिचा भडका उडाला. त्यात केट्सबी भाजला व जॉन ग्रँट आंधळा झाला. दुसऱ्या दिवशी, ८ नोव्हेंबरास, शेरीफाने घराला वेढा दिला. केट्सबी, पर्सी व दोघे राइट बंधू गोळ्यांनी पडले. ट्रेशम तुरुंगात आजाराने वारला. उरलेल्या आठ जणांस १६०६ च्या जानेवारीच्या ३० व ३१ तारखांस देहांत शिक्षा झाली.

आणि गार्नेट? जुलै १६०५ मध्ये ऑस्वल्ड टेसिमंड नावाच्या दुसऱ्या पाळकाने पापनिवेदनाच्या गुप्ततेखाली त्यास सर्व बेत सांगितला. तेव्हा, आपणास विचारलेला प्रश्न कशाविषयी होता, हे त्यास कळले, आणि तो हादरून गेला. बंडाळी करू नये असे त्याने केट्सबीस बजाविले होते. पोपने अशा कृत्यांस स्पष्ट मनाई करावी म्हणून त्याने रोमला लिहिलेही. परंतु पापनिवेदनात ऐकलेले उघड करणे हे महापाप, असे त्याच्या पंथाचे शिक्षण. म्हणून तो गप्प राहिला. ३ मे १६०६ रोजी त्यास फाशी दिले. पापनिवेदनाबाहेर केट्सबीविषयी जे काही ठाऊक होते ते आपण कळवावयास पाहिजे होते, अशी चूक त्याने शेवटी कबूल केली.

ह्या मनुष्यास दगड मारावयास आमचा हात उठत नाही. आपल्या मंडळ्यांत पापनिवेदनाची तशी मोहोर नाही. पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवणे हा प्रत्येक उपदेशकाचा धर्म आहे, आणि तो मोडणारा उपदेशक कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही. तथापि सांगणाऱ्याची अब्रू झाकण्याकरिता ठेविलेले मौन वेगळे, आणि दुसऱ्याचा जीव जात असता ठेविलेले मौन वेगळे. झालेल्या पापाची कबुली आणि होणाऱ्या पापाची योजना ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली झाकावी, दुसरी थांबवावी. प्रथम सांगणाऱ्यास हाताशी धरून थांबवावी. तो न ऐकेल तर त्यास तोंडावर सांगून ज्याच्यावर संकट येणार त्यास सावध करावे. गार्नेटाची खरी चूक मात्र जुलैत झाली नाही; ती जूनमध्येच झाली. प्रश्न आला तेव्हा, "केट्सबी, हे कोणाविषयी विचारतोस?" असे त्याने विचारिले नाही. हेच आम्हीही विचारिले नव्हते.

आता ज्या भागाविषयी प्रॉटेस्टंट लेखक बहुधा हलक्या आवाजात बोलतात, तो भाग येतो. कट तेरा जणांनी केला. इंग्लंडातील रोमन पाळकांचा प्रमुख जॉर्ज ब्लॅकवेल याने त्याचा लगेच धिक्कार केला. स्वतः जेम्स राजाने ९ नोव्हेंबरास पार्लमेंटात भाषण करिताना, सर्वच कॅथोलिक ह्या पापाचे वाटेकरी नव्हेत असे सांगितले. राजाचे ते शब्द शहाणपणाचे होते. परंतु कायदे झाले ते सर्वांवर झाले. १६०६ साली नवी राजनिष्ठेची शपथ लादण्यात आली, आणि कॅथोलिकांस वकिली व वैद्यकी करण्याची बंदी झाली. दरवर्षी ५ नोव्हेंबरास मंदिरांत उपकारस्तुती करावी असा कायदा झाला. तो १८५९ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालला. त्या रात्री होळ्या पेटवीत, आणि कित्येक ठिकाणी पोपची प्रतिमा करून जाळीत. बहुतेक बंधने १८२९ च्या कायद्याने उठली.

कटात ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, अशा किती शेतकऱ्यांनी, किती विधवांनी, किती पोरांनी दोन शतके हा दंड भरला! त्यांस दंड करणारे लोक वाईट होते असे नाही. ते रविवारी देवाची स्तुती करीत. पण त्यांनीही अर्धाच प्रश्न विचारिला: "राजाच्या जिवावर उठणाऱ्यांस शिक्षा करणे योग्य नव्हे काय?" उत्तर, होय. मात्र "राजाच्या जिवावर उठणारे" ह्या शब्दांखाली त्यांनी शेजारच्या गल्लीतील म्हातारी घातली, तिचे तोंड न पाहता. केट्सबीने माणसांतून नावे काढून "निर्दोषी" हा शब्द केला. त्यांनी माणसांतून नावे काढून "पोपवाले" हा शब्द केला. उपकारस्तुती देवास आवडते. परंतु जी उपकारस्तुती शेजाऱ्याची प्रतिमा जाळल्यावाचून पुरी होत नाही, ती देवापर्यंत पोहोचते असे आम्हांस वाटत नाही. गावोगावी आपले रोमन कॅथोलिक शेजारी आहेत, हिंदू व मुसलमान शेजारी आहेत. त्यांच्यापैकी एकाने आपणांस दुखविले म्हणजे "हे लोक असेच" असे आपण म्हणतो. तेथेच तो अर्धा प्रश्न सुरू होतो.

कोणी म्हणेल की, नाथान भविष्यवाद्यानेही दावीदापुढे नाव लपविलेलाच प्रश्न ठेविला होता (२ शमुवेल, अध्याय १२). खरे आहे. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी नेली, एवढेच त्याने सांगितले. परंतु भेद पाहा. नाथानाने नाव लपविले ते दावीदाच्या स्वार्थाने त्याचा न्याय आंधळा होऊ नये म्हणून. आणि न्याय तोंडातून बाहेर पडताच त्याने ते नाव राजाच्या पुढ्यात आणून ठेविले. केट्सबीने नाव लपविले ते आपण आंधळे राहावे म्हणून. आणि ते त्याने शेवटपर्यंत उघड केले नाही. स्वतःस दोषी ठरविणारा प्रश्न नावाशिवाय विचारावा. दुसऱ्यास इजा करणारा प्रश्न नावाशिवाय कधीही विचारू नये.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, चांगले घडावे म्हणून वाईट करू, असे म्हणणाऱ्यांचा निषेध केला आहे. हे वचन सर्वांस पाठ असते. तरी प्रसंग आला म्हणजे कोणी आपल्या कृत्यास "वाईट" असे नाव देत नाही. त्यास तो शिक्षा म्हणतो, धडा म्हणतो, धर्माचे रक्षण म्हणतो. म्हणून नुसते वचन पाठ असून भागत नाही. आमची विनंती अशी आहे की, मंडळीतील कोणी आपणाकडे असा प्रश्न घेऊन आला तर उपदेशकांनी पुस्तक उघडण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. हे कोणास लागणार आहे, त्यांची नावे सांग. त्यांच्याबरोबर आणखी कोण कोण सापडतील, तीही नावे सांग. आणि जे तू मला विचारतोस, ते त्यांच्यासमोर उभा राहून विचारशील काय? ह्या तिन्ही गोष्टींचे उत्तर जो देऊ शकतो, त्याच्याशी मग शास्त्राचा विचार करावा. बहुधा तोपर्यंत शास्त्राचे काम अर्धे झालेले असते.

हेच तीन प्रश्न प्रत्येकाने रात्री अंथरुणावर पडताना स्वतःच्या मनासही घालावे. कारण आपले मन हा सर्वांत चतुर केट्सबी आहे, आणि ते आपल्याच सदसद्विवेकबुद्धीस अर्धे प्रश्न विचारीत असते.

ज्या राजाचे आपण प्रजाजन आहो, त्याच्याविरुद्धही कट झाला होता. तो कट फसला नाही. तीस रुप्यांत तो पुरा झाला. त्या रात्री बागेत मशाली घेऊन आलेल्या गर्दीत प्रभूने आपणास धरून देणाऱ्याचे तोंड पाहिले, आणि त्यास मित्र म्हणून हाक मारिली. शत्रूचेही तोंड पाहण्याची ती दृष्टी देवबाप आपणां सर्वांस देवो.